बोडक्या माळाला निमंत्रण

विषय : तांड्यालगतचा गायरान माळ मुरूम काढण्यासाठी देऊ नये, तो औषधी वनस्पतींसाठी राखण्यास तांड्याकडे द्यावा, याबाबत.

संदर्भ : १) रूपाबाई हिरासिंग व इतर यांचा अर्ज. २) त्याच माळाबाबत ठेकेदाराचा अर्ज.

उपरोक्त विषयान्वये, मी माळ बोलतोय.

माझ्याबद्दल दोन्ही बाजूंनी अर्ज झाले, पण माझं म्हणणं कोणी नोंदवून घेतलं नाही. ते आता रीतसर सादर करतो. माझ्या बोलण्याला जरा कचेरीचा वास येईल. त्याला इलाज नाही. कित्येक मोजणीवाले माझ्या अंगावर बसले, त्यांनी भाकरी खाल्ली, आणि बोटं पुसून माझ्याविषयी टिपणं लिहिली. सहवासाचा परिणाम माणसावर होतो, तसा माळावरही होतो.

मी कळमनुरी तालुक्यातला. आखाडा बाळापूरच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत. पायथ्याशी बंजाऱ्यांचा तांडा आहे, ओढ्यापलीकडे गाव आहे. सातबाऱ्यावर माझ्यापुढे 'पोटखराब', म्हणजे लागवडीला निकामी, असं लिहिलेलं आहे. पोटाची तक्रार मी जन्मात केलेली नाही, तरी नोंद आहे. लोकांत माझं नाव बोडका. जन्मतारखेचा दाखला माझ्याकडे नाही. मी तापलेल्या रसातून थंड होत होत तयार झालो, तेव्हा दाखले देणारं कोणी नव्हतं.

मी जन्माचा बोडका मात्र नव्हतो. एके काळी माझ्या अंगावर धावडा होता, बिबा होता, बेहडा होता. त्यांच्या सावलीत शतावरी वर चढायची, दगडांच्या फटीत अनंतमूळ असायचं, आणि पावसाळ्यात मुसळीची हिरवी पाती वर यायची. मुरडशेंगेची झुडपं तर इतकी, की वळून वळून दोरीसारख्या झालेल्या त्या शेंगा माझ्या कानांत डुलांसारख्या लोंबायच्या. मी देखणा होतो, हे मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही. पण सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

मग मोळ्या गेल्या. शेळ्या आल्या. मुसळीचे व्यापारी येऊन मुळांसकट पोती भरून गेले. रस्त्याला मुरूम लागला तेव्हा माझ्या डाव्या कुशीतून तोही नेला. दोष एकट्याचा कोणाचा नव्हता. सगळ्यांनी थोडं थोडं नेलं, आणि थोडं थोडं करत मी सगळाच गेलो. पाऊस यायचा आणि माझ्या टाळूवरून घसरून, जाताना माती खिशात घालून, ओढ्याला जाऊन मिळायचा. त्याला थांबवावं तर माझ्याकडे बसायला द्यायला गवताची पातीसुद्धा नव्हती.

इथे रूपाबाई आल्या.

रूपाबाई म्हणजे तांड्याचे नाईक हिरासिंग यांची बायको. तांड्यात लेकरू जन्मलं की घुटी उगाळायला रूपाबाई, बाळंतिणीला काढा द्यायला रूपाबाई, आणि नाईकाला दोन शब्द सुनवायलाही रूपाबाईच. तांडा आपसात गोरबोलीत बोलतो. मला दोन्ही भाषा येतात. वाचकांच्या सोयीसाठी मी त्यांचं भांडण मराठीत देतो.

नव्वद सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. रूपाबाईंच्या सुनेला, रुख्मिणीबाईला, मुलगी झाली होती आणि ती पोट मुरडून रडत होती. मुरडशेंग हवी होती. माझ्यावर ती नव्हतीच, म्हणून नाईकांना बाळापूरच्या बाजारात पाठवलं. त्यांनी पुडी आणली. रूपाबाईंनी ती सोडली.

"हे काय आणलं?"

"मुरडशेंग. चांगली पुडीत बांधून दिली दुकानदारानं."

"हिच्यात शेंग कुठंय? भुंगेच भुंगे हायेत. लेकराला भुंगे उगाळून पाजू?"

"आता मी काय करू? पहिलं माळावर ढिगानं असायची."

"असायची! तुमच्या शेळ्यायनं खाल्ली समदी. आता शेळीच उगाळते मी. आना एक, चांगली धुऊन आना."

लेकरू शेवटी ओव्याच्या पाण्यानं शांत झालं. रूपाबाई झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या माझ्यावर चढल्या आणि दगड उलटे करत फिरल्या. एका कपारीत मुरडशेंगेचं खोड होतं, शेळ्यांनी इतकं कुरतडलेलं की मलाही विसर पडला होता. रूपाबाई तिथे फतकल मारून बसल्या. "जितं हाय," त्या म्हणाल्या. आपण अजून जिवंत आहोत ही बातमी मला त्या दिवशी प्रथम कळली.

त्यांनी तांडा गोळा केला आणि माझ्यावर चराईबंदी मागितली. निकाल द्यायचा होता नाईकांना, आणि तांड्यात सगळ्यांत जास्त शेळ्या होत्या त्याही नाईकांच्याच. ते बराच वेळ मिशी कुरवाळत बसले. समोर न्याय होता, शेजारी बायको होती. दोन्ही एकाच बाजूला पडल्यामुळे निकाल लागला. माळावर कुऱ्हाड नाही, शेळी नाही. ज्याची शेळी सापडेल त्यानं तांड्याला गूळ वाटायचा.

नाईकांचा एक बोकड होता. दाढी आणि चालण्यातला रुबाब पाहून त्याचं नाव मामलेदार ठेवलेलं. बंदीच्या पहिल्याच सकाळी मामलेदार माझ्या माथ्यावर उभा! खाली तांडा जमला.

"नाईक, बोकड कोनाचा हाय?"

"माझाच हाय. पन तो चरायला न्हाई गेला."

"मंग काहून गेला?"

"पाहनीला गेला."

गूळ वाटला गेला. तांड्यातल्या लेकरांना तो इतका आवडला की पुढे काही दिवस तीच मामलेदाराला गुपचूप माझ्यावर हाकलून द्यायची. शेवटी नाईकांनी बोकडाला दोर लावला, आणि कायदा लागू झाला.

पुढचं काम अमृतरावांचं. ते ओढ्यापलीकडच्या गावातले, रोजगार हमीच्या कामांवर मुकादम होते. बाबासाहेबांच्या जयंतीचा मंडपही ते असा उभा करायचे की एक खांब वाकडा निघाला तर अख्खा मंडप उतरवायचे. माझ्यावर पाणी अडवायला चर खोदायचे ठरले, तेव्हा चर अगदी समपातळीत हवेत म्हणून त्यांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली. नळीच्या दोन्ही टोकांचं पाणी सारख्या उंचीवर आलं की जागा बरोबर. एक टोक त्यांनी स्वतः धरलं, दुसरं नाईकांना दिलं.

"नाईक, हालू नका. पानी हालून राहिलं."

"मी न्हाई हालत. तुमीच हालून राहिले."

"मी खांबासारखा हाय. तुमची मिशी हालते, तिचा वारा लागून राहिला नळीला."

"अमृतराव, मी न्हाई, तुमी न्हाई. हा माळच हालतोय."

हे खरं होतं. मी हसत होतो. कित्येक वर्षांत कोणी मला सरळ पातळीत मोजलं नव्हतं. आले ते सगळे फक्त किती निघेल एवढंच मोजायचे. आणि मग तांड्यातली, गावातली माणसं टिकाव घेऊन आली आणि माझ्या पोटाभोवती कंबरपट्ट्यासारखे चर ओढू लागली. गुदगुल्यांची मला सवय नव्हती. मी इतका हसलो की दोन दगड घरंगळत खाली गेले, आणि अमृतरावांनी ते उचलून बांधाला लावले. वाया काही जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.

पावसाळ्यात पाणी चरात येऊन बसलं. बसलं ते बसलंच! पाहुण्यासारखं, घाई नाही, गडबड नाही, खाली झिरपत झिरपत गप्पा मारत राहिलं. आणि मला केस फुटले.

उतारवयात टकलावर केस आलेल्या माणसाला मी काय सांगतोय ते कळेल. आधी कुसळी गवत आलं, मग पवन्या. मग तरवडाची पिवळी फुलं. कपारीतल्या त्या खोडाला धुमारे फुटले आणि दोन-तीन पावसाळ्यांनी त्याला पहिली शेंग लागली. डूल! मी सकाळच्या वाऱ्यात मुद्दाम मान हलवून पाहिली. पाखरांनी कुठून कुठून शतावरीचं बी आणून टाकलं. अनंतमूळ तर जमिनीखाली दडून सगळी मजा ऐकत होतं म्हणे. बंदी खरी आहे याची खात्री पटल्यावरच बाहेर आलं. ससे आले, तितर आले, आणि हे सगळं माझंच आहे का, असं मी एका घोरपडीला दोनदा विचारलं.

मुसळी मात्र परतली नाही. ती मुळांसकट गेली होती. तेव्हा रूपाबाई पुसदकडच्या डोंगरात राहणाऱ्या मावसबहिणीकडे गेल्या आणि मुसळीचे कंद ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून, एसटीनं घेऊन आल्या. कंडक्टरनं विचारलं, "मावशे, लेकरू हाय का मांडीवर? तिकीट लागंल." रूपाबाई म्हणाल्या, "लेकी हायेत. सासरी चालल्या." हे त्या स्वतःच मला सांगत होत्या, एक एक कंद लावताना. सासर म्हणजे मी. मी अंग चोरून, शक्य तितका भुसभुशीत होऊन पडलो.

आता इथल्या एका रिवाजाविषयी सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यावरून झाली.

मूळ खणायचं झालं तर रूपाबाई आदल्या संध्याकाळी येत. झाडाच्या बुडाशी हळद लावलेले तांदूळ ठेवत, त्याला लाल दोरा बांधत आणि म्हणत, "उद्या न्यायला येते. रागावू नको." सकाळी येऊन लागेल तेवढंच मूळ काढत, निम्मं मातीत ठेवत. झाडाला असं निमंत्रण दिलं की दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. लावला तर औषध उलटतं, अशी तांड्याची पक्की समजूत. उलटतं की नाही, मला माहीत नाही. कोणी लावून पाहिलेलं नाही. झाडावरच्या शेंगेला, पानाला निमंत्रण लागत नाही. जमिनीखालच्या गोष्टीलाच हा मान आहे.

जिल्हा नवा झाला, तांड्यात टीव्ही आला, आणि एका दिवाळीनंतर मुसळीचा व्यापारी आला. रिकामा टेम्पो घेऊन. भाव त्यानं असा सांगितला की उत्तमसिंग नावाचा थोराड माणूस बसल्या जागी उभा राहिला. व्यापारी म्हणाला, उद्या सकाळी माल द्या, जागेवर रोख. रूपाबाई ओरडून ओरडून थकल्या, "अरे, समद्या उपटल्या तर पुन्हा पुसदला मी न्हाई जानार!" पण भावापुढे त्यांचा आवाज कमी पडला.

त्या संध्याकाळी एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा अख्खा तांडा माझ्यावर जागा धरायला आला. मुसळीची पाती तोवर वाळून गेली होती, म्हणून लोक काड्या रोवून काड्यांना दोरे बांधू लागले. लाल दोरा संपल्यावर साडीचे काठ फाटले, पतंगाचा मांजा आला, कोणी पायजम्याची नाडी आणली आणि एका हातानं पायजमा धरून दुसऱ्या हातानं ती बांधली. शतावरीला दोरे, अनंतमुळाला दोरे. गुलाबसिंग म्हणून एक उतावळा गडी होता, त्यानं वाळक्या कुसळीलाच निमंत्रण दिलं. कोणीही काहीही सोडायला तयार नव्हतं. तांदूळ तितरांनी तिथेच खाल्ले, तृप्त होऊन. आणि मी? मी नटलो होतो. एका जागी बसून माझी वरात निघाली होती!

सकाळी टिकाव घेऊन सगळे हजर. एकेका काडीला चार-चार, पाच-पाच दोरे.

"हा माझा हाय. लाल."

"लाल तर समद्यायचेच हायेत. माझ्याला दोन गाठी."

"आधी कोनाची गाठ पडली?"

"झाडाला विचार ना."

"मी तं निमंत्रन मोठ्यानं म्हटलं होतं. तू मनातल्या मनात म्हनला."

"मनातलं झाडाला जास्ती कळतं!"

कोणी खणायला वाकलं की बाकीचे चार ओरडायचे, "दुसऱ्यानं बोलावलेलं हाय ते!" आणि वाकलेला माणूस चटका बसल्यासारखा सरळ व्हायचा. कारण बायकोला, लेकराला उलटलेलं औषध कोण खाऊ घालील? प्रकरण नाईकांपुढे गेलं.

रूपाबाईंनी कमरेवर हात ठेवला. "नाईक, निकाल द्या. पन आधी सांगा, तुमचा दोरा कोनता?"

"माझा? मी बांधला न्हाई."

"मंग काल सांजच्याला वर काहून गेलते?"

"पाहनीला."

तांडा इतका हसला की टेम्पोवाला घाबरून बाहेर आला. नाईकांनी घसा खाकरला आणि निकाल दिला : ज्याला पाचजणांनी बोलावलं, त्याचे दोरे पाचजणांनी मिळून, एकाच दिवशी, राजीखुशीनं सोडावे, तोवर कोणी खणायचं नाही. सगळ्यांना तो पटला, कारण आपल्याला मिळालं नाही तरी शेजाऱ्याला मिळणार नाही, याची त्यात सोय होती. राजीखुशी व्हायची नव्हती, ती झाली नाही. टेम्पो दुपारी रिकामा गेला. रूपाबाई माझ्या उतारावर बसून पदरानं डोळे पुसत होत्या. हसण्याचं पाणी होतं ते. पण आधीच्या रात्रीचंही थोडं त्यात असावं.

तेव्हापासून दोरे आहेत. उन्हानं विटतात, लोक नवे बांधतात. मात्र कोणाच्या घरी बाळंतीण असली, कोणी अंथरुणाला खिळलं, की पाचही जण निमूट वर येतात, आपापला दोरा सोडतात, आणि रूपाबाई निम्मं मूळ काढतात. तेव्हा कोणी गाठी मोजत नाही.

माझा हिरवेपणा रस्त्यावरून दिसू लागला, तसा तो ठेकेदारालाही दिसला. त्याला मात्र हिरव्याच्या खालचा मुरूम दिसला. रस्ता रुंद होणार होता. त्यानं अर्ज केला. हे अमृतरावांना चहाच्या टपरीवर कळलं. त्यांनी रूपाबाईंचा अर्ज लिहून दिला, तांड्याचे अंगठे-सह्या घेतल्या, तोही दाखल केला. आपला अर्ज मंजूर होणारच अशा खात्रीनं ठेकेदारानं मंजुरीच्या आधीच निरोप धाडला : उद्या मशीन येतंय.

हे ऐकून मी हादरलो. डाव्या कुशीतली जुनी खाण अजून ठणकते. आणि आता तर माझ्यावर लेकी नांदत होत्या.

त्या संध्याकाळी रूपाबाई वर आल्या. गुडघे धरत, थांबत थांबत. माथ्यावर माझा एक उभा दगड आहे. त्याच्यापुढे त्यांनी हळदीचे तांदूळ ठेवले, दगडाभोवती लाल दोरा गुंडाळला, गाठ मारली. मग हात टेकवून म्हणाल्या,

"बोडक्या, उद्या न्यायला येते. तयार ऱ्हा. मी येईस्तोर कोनासंगं जाऊ नको."

मला कोणी कधी, कुठेही बोलावलेलं नाही. लग्नाला नाही, बारशाला नाही. पायथ्याशी पंगती उठल्या, मला पत्रावळीसुद्धा वाऱ्यानंच आणून दिल्या. आणि आज मला निमंत्रण, हळदीचं, रीतसर! मी रात्रभर ताठ बसून होतो. सुरकुत्या पडू नयेत म्हणून.

सकाळी पिवळं मशीन आलं. चालवणारा संतराम हट्टा गावचा. तो दात टेकवायला जागा पाहत माथ्यावर आला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

"काय झालं?" ठेकेदार खालून ओरडला.

"मालक, ह्याला कोनीतरी बोलावलेलं हाय."

"कोनाला?"

"दगडाला. दोरा हाय, तांदूळ हायेत. माझी आजी आशीच बांधायची मुळीला."

"अरे, दगडाला न्यायचं म्हंजे कुठं नेनार? तो तर माळाचाच हाय!"

"तेच म्हनतोय. दगड बोलावला म्हंजे आख्खा माळ बोलावला. माझी बायको पोटुशी हाय मालक. मी न्हाई हात लावनार."

दुसरा चालक मागवला. तो आला, त्यानं दोरा पाहिला, संतरामसोबत विडी ओढली आणि दोघं एकाच मोटारसायकलवर परत गेले.

मग कचेरीतून साहेब पाहणीला आले. चांगले होते, टोपी घालून पूर्ण वर चढले.

"हे देवस्थान आहे का?"

"न्हाई साहेब," अमृतराव म्हणाले. "देवाचा संबंध न्हाई. निमंत्रन हाय."

"कोणी दिलं?"

"मी," रूपाबाई म्हणाल्या.

"मग नेत का नाही?"

"उद्या नेते."

साहेबांनी अहवालात लिहिलं की माळावर दोरे आढळून आले, त्यांचं प्रयोजन उद्या स्पष्ट होईल असं संबंधितांचं म्हणणं आहे. अभिप्रायासाठी कागद दुसऱ्या विभागाकडे गेले. त्या विभागानं दोन्ही अर्ज एकत्र जोडून परत पाठवले.

परवा रूपाबाई आणि अमृतराव चौकशीला कचेरीत जाऊन आले. आल्यावर दोघं माझ्यावरच बसले, मुरडशेंगेच्या सावलीत. नाईक खाली मामलेदाराच्या नातवाला दोर लावून उभे होते.

"काय म्हनले?" नाईकांनी खालून विचारलं.

"काय म्हनतील? फाईल दाखवली," अमृतराव म्हणाले. "कपाटावर ठेवलीय. लाल नाडीनं करकचून बांधून."

रूपाबाई एकदम सावरून बसल्या. "दोऱ्यानं बांधली?"

"व्हय."

"कोनी बांधली?"

"कोनालाच ठावं न्हाई. जो तो म्हनतो, आधीच्यानं बांधली, आपन सोडायची न्हाई."

"मंग काय काळजी न्हाई," रूपाबाई म्हणाल्या, आणि डोक्यावरची ओढणी नीट करून शेंगा तोडायला उठल्या.

मी तयार आहे. उद्या म्हणजे कोणता दिवस, ते रूपाबाईंनी सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही. दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.